बचतपत्रे परस्पर वटवली गेली तर भरपाई कशी मागावी

माझ्या आत्याने एप्रिल २०११ मध्ये दहा-दहा हजार रुपयांची पाच राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे घेतली होती. त्या वेळी या पत्रांची मुदत सहा वर्षांची होती आणि दहा हजारांच्या पत्राचे मुदतीअखेर १६,०१० रुपये मिळणार होते. २०१६ साली कागदी पत्रे छापणे बंद झाले आणि नव्या गुंतवणुकीसाठी पासबुक आले. तेव्हा तिच्या अल्पबचत अभिकर्त्याने "जुनी पत्रेही आता पासबुकात बदलून घ्यावी लागतील" असे सांगून पाचही मूळ पत्रे नेली. मुदत भरल्यावर छायाप्रती घेऊन आम्ही डाकघराच्या खिडकीवर गेलो, तेव्हा कर्मचाऱ्याने नोंद पाहून सांगितले की या पत्रांची रक्कम केव्हाच दिली गेली आहे आणि, "तुम्हीच नेली असेल, आठवत नसेल." आत्या तिथेच बाकावर बसली. तिला सगळ्यात जास्त लागले ते पैसे गेल्याचे नव्हे, तर आपल्या आठवणीवर घेतलेल्या संशयाचे.

पुढच्या दोन वर्षांत जे शिकलो ते, ज्यांच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी इथे क्रमाने मांडत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. चोर कोण हे शोधणे पोलिसांचे काम आहे. तुमचा प्रश्न संस्थेला आहे आणि तो एवढाच आहे की माझी रक्कम तुम्ही कोणाला दिली, कोणत्या कागदावर दिली आणि देताना तुमचेच नियम पाळले का. पहिल्या दिवसापासून अंतिम आदेशापर्यंतचा प्रत्येक अर्ज या प्रश्नाभोवती लिहिला, तर प्रकरण भरकटत नाही. अभिकर्ता फरार आहे, त्याच्याकडे काही मालमत्ता उरलेली नाही, कर्मचारी निवृत्त झाला आहे, अशी उत्तरे ठिकठिकाणी मिळतात. त्यांपैकी एकही उत्तर या प्रश्नाचे उत्तर नसते.

पहिली पायरी : खिडकीवरचे उत्तर लेखी घ्या

तोंडी उत्तर ऐकून घरी परतू नका. त्याच दिवशी डाकपालांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. त्यात पत्रांचे क्रमांक, खरेदीची तारीख, नोंदणी क्रमांक, दर्शनी रक्कम आणि धारकाचे नाव लिहा, "ही रक्कम मला मिळालेली नाही" हे वाक्य स्पष्टपणे घाला आणि रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या डाकघरातून व कोणत्या पद्धतीने दिली गेली याची लेखी माहिती मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून निघू नये. प्रत घेण्यास नकार मिळाला, तर तोच अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. पुढे दाव्याची मुदत मोजताना "हे मला कधी कळले" हा प्रश्न येतो, आणि त्याचे सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे हा शिक्का.

मूळ पत्रे तुमच्याजवळ असतील, तर ती "तपासणीसाठी" कोणाकडेही सोडू नका. दाखवा, छायाप्रत द्या आणि मूळ परत घ्या. पोलिसांनी किंवा विभागाने ती रीतसर मागितली, तर क्रमांकवार पावती घेऊनच द्यावीत. द्यायच्या आधी दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढावीत, कारण पत्राची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची असते. रक्कम मिळाल्याची सही, वटवल्याचा शिक्का, दुसऱ्या कार्यालयात वर्ग झाल्याची किंवा तारण ठेवल्याची नोंद असल्यास ती मागेच असते.

मूळ पत्रे हातात असूनही रक्कम दिली गेल्याचे सांगितले जात असेल, तर बहुधा कोणीतरी पत्रे हरवल्याचा अर्ज करून दुय्यम प्रती काढल्या आहेत, असा संशय घ्यायला जागा आहे. दुय्यम प्रतीसाठी अर्ज आणि क्षतिपूर्तीचे बंधपत्र (नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी) लागते, आणि त्यावर कोणाच्या तरी सह्या असतातच. अशा वेळी या कागदांची मागणी पहिल्याच अर्जात करा.

आणखी एक काम त्याच दिवशी उरकावे. घरात त्याच अभिकर्त्यामार्फत किंवा त्याच डाकघरातून घेतलेली इतर पत्रे, मुदत ठेवी किंवा आवर्ती खाती असतील, तर त्यांची यादी देऊन "माझ्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय कोणतेही प्रदान करू नये" असा वेगळा अर्ज द्या. एका पत्राच्या धक्क्यात बाकीची पत्रे विसरली जातात, आणि फसवणूक करणारा नेमका तेवढ्याच वेळात हात मारतो.

दुसरी पायरी : डाकघराकडची कागदपत्रे मिळवा

या पायरीवर थोडा जास्त वेळ घालवावा, कारण निकाल बहुतेक इथेच ठरतो. वटवलेले पत्र नष्ट केले जात नाही. ते वटवणुकीच्या यादीसह प्रधान डाकघरात आणि तिथून डाक लेखा कार्यालयात जाते; महाराष्ट्रासाठी हे कार्यालय नागपूरला आहे. मात्र सरकारी दप्तर जपण्याची एक मुदत असते आणि त्यानंतर ते निकाली काढले जाते. म्हणून आपल्या अर्जांत "या व्यवहारासंबंधीचे सर्व अभिलेख प्रकरण निकाली निघेपर्यंत जतन करावेत" अशी मागणी न विसरता करावी. अशी लेखी मागणी झाल्यावर कागद नाहीसे झाले, तर त्याचा जाब संस्थेलाच द्यावा लागतो.

कागद मागण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ते आले नाही किंवा अपुरे आले, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. टपाल विभाग केंद्राचा असल्यामुळे अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही करता येतो. "माझ्या प्रकरणाची संपूर्ण माहिती द्यावी" असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. म्हणून वटवलेल्या पत्रांच्या दोन्ही बाजूंच्या साक्षांकित प्रती, खरेदीच्या मूळ अर्जाची व नमुना सहीची प्रत, ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या कागदांच्या प्रती, त्या दिवशीच्या वटवणूक नोंदवहीचे पान, रक्कम धनादेशाने दिली असल्यास त्याचा क्रमांक आणि तो कोणत्या खात्यात जमा झाला याचा तपशील, असे एकेक कागद नाव घेऊन मागा. तपासाला बाधा येईल असे कारण देऊन नकार आला, तर अपिलात ठामपणे लिहा की मी स्वतः धारक आहे, माझ्याच व्यवहाराचे कागद मागत आहे आणि ते दिल्याने तपास कसा बिघडेल हे नकारात सांगितलेले नाही.

कागद हाती आले की पुढील गोष्टी बारकाईने पाहा.

पत्र मुदतीआधी वटले आहे का? राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र मुदतीपूर्वी वटवण्याची मुभा फार थोड्या प्रसंगी असते: धारकाचा मृत्यू, न्यायालयाचा आदेश किंवा तारण घेणाऱ्या संस्थेने केलेली जप्ती. आत्याची पत्रे ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे मुदतीच्या आठ महिने आधी वटवली गेली होती. आत्या हयात होती, न्यायालयाचा आदेश नव्हता, पत्रे कोठे तारण नव्हती. म्हणजे सही खरी की खोटी हा वाद सुरू होण्याआधीच प्रदान नियमबाह्य ठरत होते. किसान विकास पत्राचे तसे नाही. ते अडीच वर्षांनंतर वटवता येते, त्यामुळे तिथे हा मुद्दा अडीच वर्षांच्या आतल्या वटवणुकीपुरताच उपयोगी पडतो.

पत्र संयुक्त होते का आणि कोणत्या प्रकारचे? संयुक्त पत्राच्या 'अ' प्रकारात रक्कम दोन्ही धारकांना मिळून द्यायची असते, 'ब' प्रकारात कोणाही एकाला देता येते. 'अ' प्रकारच्या पत्रामागे एकच सही असेल, तर संस्थेला फारसे बोलायला जागा उरत नाही.

रक्कम रोखीने दिली गेली का? वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम धनादेशाने किंवा खात्यात जमा करून द्यावी, असा डाकघराचा नियम आहे. या नियमाचा हेतूच असा आहे की पैसा कोणाकडे गेला याचा माग राहावा. पत्रे पाच-दहा हजारांची असली, तरी एकाच दिवशी, एकाच धारकाची, एकाच खिडकीवरून वटवली असतील, तर दिलेल्या एकूण रकमेकडे बोट दाखवा.

पत्र दुसऱ्याच डाकघरात वटले का? तसे असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्याने नोंदणी असलेल्या कार्यालयाकडून पडताळणी करून घेतली होती का, किंवा ओळखचिठ्ठी (पत्रासोबत धारकाला दिलेली, ओळख पटवणारी चिठ्ठी) पाहिली होती का, हे विचारा. पडताळणीचा पत्रव्यवहार असेल तर तो कागद असणारच, आणि नसेल तर तेही तुमच्याच बाजूचे उत्तर आहे.

सही जुळते का? आत्या आयुष्यभर देवनागरीत पूर्ण नाव लिहून सही करत आली. जवळजवळ चार महिन्यांनी आलेल्या छायाप्रतीत पाचही पत्रांमागे इंग्रजी आद्याक्षरांची तिरपी सही होती, आणि खरेदीच्या अर्जावरची तिची गोल, थोडी थरथरती देवनागरी सही त्याच पाकिटात होती. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर हस्ताक्षर तज्ज्ञाची गरज कोणालाच वाटली नाही. सगळ्यांच्या बाबतीत फरक इतका उघड नसतो. तुमच्या प्रकरणात तो बारीक असेल, तर त्याच काळातल्या तुमच्या निर्विवाद सह्या, उदाहरणार्थ बँकेतला जुना धनादेश, निवृत्तिवेतनाचा अर्ज किंवा नोंदणीकृत दस्त, आत्ताच गोळा करून ठेवा.

तिसरी पायरी : पोलिसांत तक्रार

फौजदारी तक्रारीने पैसे परत मिळतात असे नाही, पण ती केली नाही तर "फसवणूक झाली होती तर गप्प का बसलात" हा प्रश्न पुढे हमखास विचारला जातो. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यांना भारतीय दंड संहिता आणि त्यानंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते. कलमे कोणती लावायची हे पोलीस ठरवतात. तुम्ही घटना तारखांसह, नेमकी आणि अतिशयोक्ती न करता लिहा. बनावट सही, खोटा दस्त खरा म्हणून वापरणे, फसवणूक आणि विश्वासघात हे चारही घटक तुमच्या कथनात दिसले पाहिजेत. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनाशुल्क मिळते. ठाण्यात नोंद करण्यास नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

नेमक्या कर्मचाऱ्याचे नाव ठाऊक नसेल, तर अंदाजाने कोणाचेही नाव घालू नका. "त्या दिवशी प्रदान करणारा कर्मचारी" एवढे पुरते. चुकीच्या माणसावर आरोप झाला, तर तुमचे खरे म्हणणेही संशयास्पद ठरते, आणि एका निर्दोष माणसाला त्याचा त्रास होतो तो वेगळाच. अभिकर्ता गुंतलेला असेल, तर तक्रारीची एक प्रत जिल्ह्याच्या अल्पबचत कार्यालयाला द्या, कारण अभिकर्त्याचे नेमणूकपत्र टपाल विभागाकडून नव्हे, तर राज्य शासनाच्या यंत्रणेकडून दिले जाते.

चौथी पायरी : विभागाकडे रकमेचा दावा

बरेच लोक डाकपालांकडे हेलपाटे घालत राहतात. डाकपाल निर्णय घेणारा अधिकारी नसतो. दावा विभागाच्या प्रवर अधीक्षकांकडे करावा, प्रत पोस्टमास्टर जनरल यांच्या कार्यालयाला द्यावी आणि केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर त्याची नोंद करावी. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल डाकघर बचतीच्या तक्रारी घेत नाही, त्यामुळे त्या दारात वेळ घालवू नये.

दाव्यात रक्कम मोजून लिहा. पत्रांचे मुदतीअखेरचे पूर्ण मूल्य हा पाया धरावा. नियमबाह्यरीत्या वटवताना मोजली गेलेली कमी रक्कम आधार म्हणून मान्य करू नये. आत्याच्या बाबतीत हा आकडा ८०,०५० रुपये होता. त्यावर मुदत संपल्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंतचे व्याज, मनस्तापाबद्दल वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष झालेला खर्च स्वतंत्र ओळींत मागावा. मनस्तापाचा आकडा लिहिताना हात आखडता घ्यायची गरज नाही, पण ऐंशी हजारांच्या दाव्यात पंचवीस लाखांचा मनस्ताप लिहिला तर वाचणाऱ्याचा सगळ्याच अर्जावरचा विश्वास उडतो. उत्तरासाठी तीस दिवस द्या आणि शेवटी लिहा की उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल.

उत्तरात बहुधा पुढीलपैकी एक किंवा अनेक कारणे येतात.

"विभागीय चौकशी सुरू आहे, ती संपल्यावर पाहू." चौकशी हा संस्था आणि तिचा कर्मचारी यांच्यातला विषय आहे. ती संपण्याची वाट पाहण्याचे बंधन तुमच्यावर नाही, आणि ती चालू असताना तुमची मुदतही थांबत नाही.

"रक्कम सद्भावनेने दिली गेली." अल्पबचतीच्या कायद्यात सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे हे खरे आहे, आणि म्हणूनच नुसता "निष्काळजीपणा झाला" असा आरोप पुरत नाही. कोणता नियम, कोणत्या कागदावर, कसा मोडला हे दाखवावे लागते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (धनादेश, हुंडी यांसारख्या कागदांचा कायदा) याच्या कलम १० मध्ये रीतसर प्रदानाची व्याख्या आहे. तिच्यानुसार प्रदान सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता झालेले असावे, आणि घेणाऱ्याला ती रक्कम घेण्याचा हक्क नाही असे मानायला वाजवी कारण देणारी परिस्थिती नसावी. मुदतीआधी, न जुळणाऱ्या सहीवर, रोखीने केलेले प्रदान या व्याख्येत बसवणे संस्थेला जड जाते.

"पत्रे तुम्हीच अभिकर्त्याच्या हाती दिली." हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा. मूळ पत्रे, विशेषतः मागे सही करून, तिसऱ्या माणसाच्या हाती दिली असतील तर ती चूकच आहे. ती लपवू नका, कोणत्या कारणाने दिली ते सांगा. पण पत्र एखाद्याच्या हातात असणे आणि त्याला त्याची रक्कम घेण्याचा अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र आणि किसान विकास पत्र ही नावावरची पत्रे आहेत. पूर्वीचे इंदिरा विकास पत्र नाव नसलेले, म्हणजे ज्याच्या हाती त्याचे असे होते, आणि तिथे हा युक्तिवाद धारकाच्या विरोधात जातो. नावावरच्या पत्राची रक्कम देताना समोरचा माणूस तोच आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी खिडकीच्या आतल्या बाजूला असते.

"कर्मचाऱ्याने केले, विभागाने नाही." याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. किसान विकास पत्रे अशाच प्रकारे परस्पर वटवल्याच्या एका प्रकरणात ७ फेब्रुवारी २०२२ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने डाकघराला जबाबदार धरले. कर्मचाऱ्याने नोकरीतले काम करताना केलेल्या फसवणुकीचा भार संस्थेवर येतो. संस्था दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई करू शकते, त्याच्याकडून वसुली करू शकते, पण त्यामुळे ग्राहकाप्रति असलेली तिची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढून दाव्याला जोडा. त्याआधी तो स्वतः एकदा वाचा, कारण तुमच्या आणि त्या प्रकरणात काय सारखे आणि काय वेगळे आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

घटना अगदी अलीकडची असेल, तर एक काळजी घ्यावी. १८९८ च्या जुन्या टपाल कायद्याच्या जागी आलेला डाकघर अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू आहे आणि त्यात विभागाच्या दायित्वावर मर्यादा घालणारे कलम १० आहे. विभाग त्याचा आधार घेऊ शकतो. अशा प्रकरणात दावा दाखल करण्याआधी वकिलाकडून हे कलम आणि त्याखालचे नियम समजावून घ्यावेत.

पाचवी पायरी : ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती करता येते. मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेलेल्या वृद्धांना याचा फार उपयोग होतो. कोणता आयोग हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर खरेदीच्या वेळी तुम्ही दिलेल्या रकमेवर ठरते: पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे, दहा ते वीस लाखांना चारशे आणि वीस ते पन्नास लाखांना एक हजार रुपये आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही. ई-जागृती संकेतस्थळावर तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळते. वकिलाची मदत हवी पण परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती दाव्याचे कारण घडल्यापासून मोजली जाते. फसवणूक लपवलेली असल्यामुळे ती तुम्हाला कळल्यापासून मोजावी असे तुमचे म्हणणे राहील, आणि पहिल्या अर्जावरचा शिक्का इथेच कामाला येतो. तरीही थोडा जरी संशय असेल, तर विलंब माफीचा अर्ज कारणांसह तक्रारीसोबतच द्या. आधी वाद घालून नंतर माफी मागण्यात अर्थ नसतो. विभागाशी चाललेला पत्रव्यवहार मुदत आपोआप वाढवत नाही. उत्तराच्या आशेवर तीन-तीन वर्षे थांबलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांची बाजू खरी असूनही त्यांना दारातच अडवले गेले.

सामनेवाले म्हणून संबंधित डाकघराचे डाकपाल, विभागाचे प्रवर अधीक्षक आणि टपाल विभागामार्फत भारत सरकार यांना घाला. अभिकर्त्याचा पत्ता माहीत असेल तर त्यालाही जोडा, मात्र मागणी "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे" द्यावी अशी लिहा, म्हणजे त्याच्याकडून काही निघाले नाही तरी पूर्ण रक्कम संस्थेकडून मागता येते.

तक्रारीच्या भाषेबद्दल विशेष सांगावेसे वाटते. फसवणूक, कट, बनावटगिरी यांवरच सगळा भर दिला, तर "हे गुंतागुंतीचे प्रश्न संक्षिप्त कार्यवाहीत ठरवता येत नाहीत, दिवाणी न्यायालयात जा" असा आक्षेप घेतला जातो, आणि तो कधी कधी मान्यही होतो. म्हणून तक्रारीचा कणा कागदावरून सिद्ध होणाऱ्या त्रुटींचा ठेवा: मुदतीची तारीख ही, वटवल्याची तारीख ही, नमुना सही ही, मागची सही ही, प्रदान रोखीने, पडताळणीचा कागद नाही. हे ठरवायला साक्षीदारांची रांग लागत नाही. प्रत्येक त्रुटीपुढे जोडपत्राचा क्रमांक घाला. आत्याची तक्रार साडेतीन पानांची होती आणि तिला एकोणीस जोडपत्रे होती.

दिवाणी दाव्याचाच मार्ग घ्यावा लागला, तर सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. परिसीमा अधिनियमाच्या कलम १७ नुसार फसवणुकीच्या बाबतीत मुदत ती उघड झाल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती जेव्हा कळली असती तेव्हापासून मोजली जाते. हा मार्ग लांबचा आहे. साक्षीपुरावा खरोखरच गुंतागुंतीचा असेल तरच घ्यावा.

धारक हयात नसेल, तर वारसदार किंवा नामनिर्देशित व्यक्ती हीच वाट धरू शकते. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे किंवा नामनिर्देशनाचे कागद आधी तयार ठेवावेत. वटवल्याची तारीख मृत्यूनंतरची निघाली, तर तो एक कागद बाकी सगळ्यांपेक्षा जड ठरतो.

आदेशानंतर

जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगाकडे पंचेचाळीस दिवसांत अपील करता येते, आणि रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही रक्कम आली नाही, तर त्याच आयोगाकडे कलम ७१ खाली अंमलबजावणीचा अर्ज करा; कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आदेशाची प्रमाणित प्रत, बँकेचा तपशील आणि व्याजाचा तारीखवार हिशोब स्वतः तयार करून विभागाला पाठवला, तर पुष्कळदा अंमलबजावणीपर्यंत जावेच लागत नाही.

रक्कम देताना तुमच्याकडून पावतीवर सही घेतली जाते. आत्याला दिलेल्या छापील मसुद्यात "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही" असे वाक्य होते, आणि सोबतच्या धनादेशात व्याज एका वर्षाचे कमी होते. आम्ही त्या वाक्यावर रेघ मारली, "मुद्दल व अंशतः व्याज मिळाले, उर्वरित व्याजाचा हक्क राखून" असे हाताने लिहिले, आणि त्याखाली आत्याने आपली ती गोल, देवनागरी, पूर्ण नावाची सही केली. उरलेले व्याज सात आठवड्यांनी तिच्या खात्यात जमा झाले.